ऑफिसातल्या पीसीला नावाने हाक

प्रश्न : गिरगावात आमचं डीटीपीचं ऑफिस आहे. पाच-सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि फायली ठेवायला उबुंटू टाकलेला जुना पीसी. राउटर रिस्टार्ट झाला की त्या पीसीचा आयपी बदलतो आणि सगळे माझ्या नावाने ओरडतात. नुसतं 'भांडार' टाइप करून तो उघडता येईल का? भाचा म्हणतो, प्रत्येक मशीनवर हॉस्ट्स फाइल (नावं आणि त्यांच्या पत्त्यांची यादी) भर.
— एक वाचक

उत्तर : येईल की! नाव मात्र रोमन लिपीत द्या, मध्ये जागा न सोडता.

आधी राउटरमध्ये जाऊन त्या पीसीचा पत्ता कायमचा राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. निम्मं ओरडणं तिथेच थांबेल.

भाच्याची हॉस्ट्स फाइल भरायचीच, पण एकाच ठिकाणी. भांडारवर डीएनएसमास्क टाका, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा छोटा डीएनएस सर्व्हर. ते त्याच मशीनची हॉस्ट्स फाइल वाचून सगळ्यांना उत्तरं देतं, मोबाइललासुद्धा. इथे एक खोच आहे. उबुंटू स्वतःच्या नावासाठी १२७.०.१.१, म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता, लिहून ठेवतं. ती ओळ तशीच राहिली तर 'भांडार कुठे?' विचारणाऱ्या प्रत्येकाला 'तूच' असं उत्तर मिळतं! तिथे खरा पत्ता घाला. शिवाय पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचे प्रश्न जिथे येतात ते दार, उबुंटूच्या स्वतःच्या रिझॉल्व्ह या सेवेने आधीच अडवलेलं असतं. म्हणून डीएनएसमास्कला फक्त १९२.१६८.१.१० वर ऐकायला सांगा.

मग राउटरच्या डीएचसीपीमध्ये (सगळ्या मशीनना पत्ते वाटणारी सोय) डीएनएस म्हणून हाच पत्ता द्या. दुसरा रकाना रिकामाच ठेवा. तिथे हटकून गूगलच्या डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ भरला जातो, 'असू दे, राखीव' म्हणून. पण कॉम्प्युटर त्याला राखीव समजेलच असं नाही, कधी थेट तिथेच विचारतो. गूगलला तुमचं भांडार काय माहीत? 'असं नाव नाही' म्हटलं की विषय संपला. 'कधी चालतं, कधी नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. याची किंमत एवढीच, की भांडार बंद पडलं तर सगळ्यांचं नेट बसल्यासारखं होईल. त्याला यूपीएसवर ठेवा आणि शनिवारी जाताना कुणी बटण बंद करणार नाही हे बघा.

नावाच्या शेवटी डॉट लोकल लावू नका. ते २०१३ पासून एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीननी एकमेकांना नावाने शोधायची पद्धत) राखीव आहे. होम डॉट अर्पा लावा, किंवा २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी संस्था) खासगी वापरासाठी राखून ठेवलेलं डॉट इंटर्नल. तेच राउटरच्या डोमेनच्या रकान्यात भरा, म्हणजे नुसतं नावही चालेल. ब्राउझरमध्ये मात्र नावानंतर तिरकी रेघ (/) मारा, नाहीतर तो गूगलवर भांडार शोधत बसेल.