कोंबडीचा गुडघा नेमका कुठे असतो?

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. पक्षी डायनोसॉरपासून झाले म्हणतात, मग कोंबडीचा गुडघा उलटा, मागच्या बाजूला कसा वाकतो? वर दोघातिघांनी ‘उडता यावं म्हणून पाय बदलले’ असं उत्तर दिलंय, ते मला काही पटलेलं नाही. बरीच वर्षं बारावीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेतल्यामुळे सवय लागली आहे, म्हणून आधी एक काम सांगते. येत्या रविवारी चिकन आणाल तेव्हा एक पाय मांडीपासून नखांपर्यंत अख्खा मागून घ्या. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

तो पाय ताटात आडवा ठेवा. वर मांडीचं आखूड, जाड हाड आणि खाली तंगडी. या दोन्हींमधला सांधा म्हणजे गुडघा, आणि तो तुमच्याआमच्यासारखा पुढेच येतो. जिवंत कोंबडीत तो पिसांखाली पोटाला लागून असतो, म्हणून आपल्याला कधी दिसत नाही. तंगडी म्हणजे नडगी. जिथे मांस संपून पिवळे खवले सुरू होतात तो मागे निघालेला सांधा म्हणजे घोटा, आणि त्याखालची पिवळी काडी म्हणजे उभा धरलेला तळपाय. थोडक्यात, कोंबडी जन्मभर टाच उचलून, बोटांवर चालते.

टी. रेक्स हा अवाढव्य मांसाहारी डायनोसॉरही तसाच चालायचा. त्याच्या सांगाड्याचं कुठलंही चित्र काढून बघा, टाच जमिनीपासून चांगली वर दिसेल. जमिनीवर तीनच बोटं टेकलेली, अंगठा आतल्या बाजूला उंचावर लटकलेला, करंगळी जवळजवळ गेलेलीच. (दोन पायांच्या थेरोपॉड डायनोसॉरांबद्दल बोलतेय. लांब मानेचे, हत्तीसारख्या पायांचे ते वेगळं घराणं.) उडण्याचा पत्ताही नव्हता तेव्हापासून हा पाय तयार आहे. थॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८७०मध्येच लिहून ठेवलंय की अंड्यात अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या पिल्लाचा कमरेपासून बोटांपर्यंतचा भाग एकदम मोठा होऊन त्याचा जीवाश्म झाला, तर तो डायनोसॉरचा म्हणायला काहीच हरकत राहणार नाही.

आता तंगडी खाऊन झाली की हाड टाकू नका. मुख्य हाडाला चिकटून एक सुईसारखं हाड असतं, खाताना हिरडीला टोचतं तेच. आपल्या पायात त्या जागी असलेलं हाड घोट्यापर्यंत पोचतं, थेरोपॉडांचंही पोचायचं. कोंबडीचं मध्येच टोकदार होऊन संपतं. गंमत म्हणजे अंड्यातल्या पिल्लात दोन्ही हाडं सुरुवातीला सारख्याच लांबीची असतात, मग हे मागे पडतं. चिलीतल्या संशोधकांनी त्यामागच्या एका जनुकाचं काम रोखलं, तेव्हा अंड्यातल्या पिल्लांत हे हाड घोट्यापर्यंत लांब झालं. २०१६च्या सुमाराची गोष्ट. बातम्यांमध्ये लगेच ‘डायनोसॉरच्या पायांची कोंबडी’ आली. तशी कोंबडी कुणी अंड्यातून बाहेर काढलेली नाही, हे मुलीला सांगा.

पिवळी काडीही सोलून बघा. हाड एकच, पण खालच्या टोकाला तीन गोल गाठी आणि प्रत्येक गाठीवर एक बोट. तळपायाची तीन सुटी हाडं जुळून एक झाली, त्याची ही खूण.

मग पक्ष्यांनी खरंच बदललं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा बदल पायात झालाच नाही, शेपटीत झाला. थेरोपॉडांना लांब, जड, हाडांची शेपूट होती आणि तिच्या बुडापासून मांडीच्या हाडापर्यंत एक दणकट स्नायू जायचा. तो मांडी मागे खेचायचा, म्हणजे पाऊल टाकायचा जोर कमरेतून यायचा. शेपूट आखूड झाली तसा तो स्नायू बारीक झाला. शरीराचा तोल पुढे सरकला, तो सांभाळायला मांडी जवळजवळ आडवी झाली आणि चालण्याचं काम गुडघ्याखाली आलं. म्हणून तर गुडघा पोटाशी लपलाय.

हे ताडून पाहायला पुन्हा चिलीतच (त्या देशाला कोंबड्यांचं काय वेड आहे कोण जाणे) २०१४ साली पिल्लांच्या मागे काठीची नकली शेपूट बांधून त्यांना वाढवलं. त्यांची मांडी इतर कोंबड्यांपेक्षा उभी राहिली आणि चालताना जास्त हलायला लागली. या प्रयोगाला पुढच्या वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. हसायला येतं, पण प्रयोग चोख आहे.

दुसरा मोठा बदल अंगठ्याचा. तो खाली उतरला आणि मागे वळला, तेव्हा कुठे फांदी मुठीत धरता आली. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्यामध्ये तो पुरता मागे वळलेला नव्हता, असं २००५मध्ये वर्णन झालेल्या एका नमुन्यावरून दिसलं. पुढे पोपट आणि सुतारपक्ष्यांनी चौथं बोटही मागे नेलं, शहामृगाने दोनच ठेवली.

हातांबद्दल थोडक्यात. जॉन ऑस्ट्रॉम या जीवाश्मतज्ज्ञाने १९६४मध्ये अमेरिकेतल्या मोंटानात शोधलेल्या डायनोनिकस या थेरोपॉडाच्या मनगटात अर्धचंद्राच्या आकाराचं हाड होतं, त्यामुळे त्याचा हात बाजूला दुमडायचा. कोंबडी पंख मिटते ती हीच हालचाल. पंखात तीन बोटं उरली आहेत. ती पहिली-दुसरी-तिसरी की दुसरी-तिसरी-चौथी, यावर जीवाश्मवाले आणि भ्रूणवाले कित्येक वर्षं भांडले. मी जीवाश्मवाल्यांच्या बाजूची, पण तो विषय वेगळ्या धाग्यात काढा.

आणि हो, पाय सोलायचा तर साध्या पातेल्यात मंद आचेवर उकळा, कुकरला लावू नका. माझी ती सुई दोनदा रश्श्यात हरवली आहे.