बारावीनंतर पायलट व्हायचंय, पैशांची जुळवाजुळव कशी करावी?

कर्जाच्या अर्जाआधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारी सरकारी संस्था) क्लास २ आणि पाठोपाठ क्लास १ वैद्यकीय तपासणी उरका. रंगांधळेपणा निघाला तर फी भरण्याआधीच कळतं. बारावीला भौतिकशास्त्र-गणित नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) ते विषय द्या.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याला, २०० तास उड्डाण लागतं. फ्लाइंग स्कूल गोंदियाचं असो वा बारामतीचं, पावसाळ्यात अनेक दिवस विमान हँगरमध्येच. कोर्स लांबतो, खोलीभाडं आणि मेस वाढत जाते. म्हणून फी एकरकमी नको, उडालेल्या तासांच्या टप्प्यांनी भरा. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. घर चालतं, एनए प्लॉट चालतो. शेतजमिनीला बहुतेक नकारच. टाइप रेटिंगचे (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण) साधारण १५-२० लाख आधीच बाजूला काढा, सीपीएल हातात येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो.