वाचकांचे प्रश्न : गाजणाऱ्या म्युझिकलची आगाऊ तिकिटं

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर किंवा लंडनच्या वेस्ट एंडवर, म्हणजे तिथल्या नाट्यगृहांच्या वस्तीत, गाजावाजा झालेलं म्युझिकल (गाण्या-नाचाचं नाटक) यायचं असलं की पहिल्या प्रयोगाच्या कित्येक महिने आधी तिकीटविक्री उघडते. पत्रंही तेव्हाच येऊ लागतात. त्यांतल्या सारख्या शंका एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : विक्री दहाला सुरू होणार होती. दहाच्या ठोक्याला साइट उघडली, तरी रांगेत हजारो लोक पुढे. एवढे लोक येतात कुठून?

उत्तर : ते आधीच येऊन बसलेले असतात. मोठ्या विक्रीच्या वेळी साइटच्या दाराशी एक ऑनलाइन प्रतीक्षाकक्ष ठेवतात आणि तो विक्रीच्या बराच आधी उघडतो. बहुतेक ठिकाणी विक्रीची वेळ झाली की आत हजर असलेल्या सगळ्यांना सोडतीसारखे क्रमांक मिळतात; त्यानंतर येणारे त्यांच्या मागे लागतात. म्हणजे दोन तास आधी जाऊन बसल्याचा काही लाभ नाही, पण दहा वाजून एक मिनिटानं येणं महागात पडतं. पंधरा मिनिटं आधी पोचा.

रांगेत असताना पान रिफ्रेश करू नका. काही साइटवर जागा टिकते, काहींवर जाते, आणि ते करून बघण्याची ही वेळ नव्हे. एकाच ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडले तरी साइटला ते बहुधा एकच गिऱ्हाईक दिसतं. एकाच खात्यानं दोन उपकरणांवर लॉग-इन केलं, तर ऐन पैसे भरताना एक सत्र बंद पडू शकतं.

खातं आदल्या दिवशीच काढा, पासवर्ड चालतोय ना ते पाहा, पत्ता आणि कार्ड नोंदवून ठेवा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का आणि एका व्यवहाराची मर्यादा किती, हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये तपासा. निवडलेली आसनं साधारण पाच ते दहा मिनिटंच तुमच्या नावावर राखलेली असतात. पासवर्डाची आठवण, बँकेचा ओटीपी, नाकारलेलं कार्ड, सगळं त्याच मिनिटांत उरकावं लागतं. आसनं हातची जातात ती रांगेपेक्षा इथेच जास्त.

पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यातली ऑर्डरची यादी पाहा, मग ईमेलचा स्पॅम. ऑर्डर क्रमांक नसेल तर बँकेनं रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते आणि ती बहुधा काही दिवसांत सुटते.

आणखी एक, घड्याळाचं. विक्रीची वेळ त्या शहराची असते. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. ब्रिटनमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे एरवी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये असलेलं पाच तासांचं अंतर मधल्या काही आठवड्यांत चार तासांवर येतं. पाठ असलेल्या हिशोबावर विसंबलेली माणसं नेमकी याच आठवड्यांत तासभर उशिरा किंवा तासभर आधी पोचतात.

प्रश्न : प्री-सेलचा, म्हणजे खुल्या विक्रीआधीच्या विक्रीचा कोड मिळाला, पण चांगली आसनं दिसलीच नाहीत. मग कोडाचा उपयोग काय?

उत्तर : कोडानं दार उघडतं, रांग चुकत नाही. नाट्यगृहाचे सभासद, निर्मात्याच्या ईमेल यादीतले लोक, एखाद्या बँकेचे कार्डधारक अशा प्रत्येक गटासाठी आसनांचा ठरावीक कोटा असतो. तो संपला की त्या गटापुरतं नाट्यगृह भरलं. बाकीची आसनं पुढच्या गटासाठी किंवा खुल्या विक्रीसाठी राखलेली असतात. म्हणून प्री-सेलमध्ये कोपऱ्यातलं आसन महाग भावानं गळ्यात मारून घेण्यापेक्षा खुल्या विक्रीपर्यंत थांबलेलं बरं. तारीख अजिबात हलवता येत नसेल तर मात्र मिळेल ते घ्या.

प्रश्न : आसन निवडताना नकाशावरून काहीच कळत नाही. म्युझिकलसाठी नेमकी कोणती जागा चांगली?

उत्तर : नाव वेगळं असलं तरी रचना सारखीच. तळमजल्याला ब्रॉडवेवर ऑर्केस्ट्रा आणि लंडनमध्ये स्टॉल्स म्हणतात. वरच्या मजल्याला ब्रॉडवेवर मेझनीन, लंडनमध्ये ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल. त्याच्यावर आणखी एक-दोन मजले असू शकतात.

नृत्याच्या रचना हा ज्या म्युझिकलचा प्राण असतो, त्यासाठी पहिल्या वरच्या मजल्याच्या पुढच्या रांगा मधोमध घ्याव्यात, हे आमचं ठाम मत. समूहनृत्यात कोण कुठून कुठे सरकतं, जमिनीवरचा प्रकाश कसा पडतो, हे तिथूनच दिसतं. तळमजल्याच्या पहिल्या रांगेत चेहरे हाताच्या अंतरावर येतात, पण रंगमंच उंच असेल तर नर्तकांची पावलं कापली जातात आणि मान दोन-अडीच तास वर राहते. तळमजल्याच्या अगदी मागच्या रांगांत उलटी अडचण: वरच्या मजल्याचा सज्जा डोक्यावर येतो आणि नेपथ्याचा वरचा भाग झाकतो. उंच जिन्यावरचा किंवा हवेत तरंगणारा प्रवेश असला तर तुम्हाला फक्त पाय दिसतील. तिकीट त्याच मजल्याच्या मधल्या रांगेच्या भावाचं असेल तर अशी जागा घेऊच नका.

कडेच्या आसनांवरून त्या बाजूची विंग आणि रंगमंचाचा जवळचा कोपरा दिसत नाही. तिकिटावर ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं असेल तर कारण वाचा. समोर खांब आणि समोर सुरक्षेचा कठडा यांत फरक आहे: पुढे झुकून बसल्यावर कठड्याच्या पलीकडे बऱ्याचदा दिसतं (मागच्या माणसाचे शिव्याशाप सोडले तर), खांबाच्या पलीकडे नाही.

आसनक्रमांक हा नवख्यांचा खरा सापळा. ब्रॉडवेच्या बहुतेक नाट्यगृहांत मधल्या भागातली आसनं १०१, १०२, १०३ अशी सलग असतात. डाव्या भागात फक्त विषम क्रमांक आणि उजव्या भागात फक्त सम. म्हणजे १ आणि ३ शेजारी-शेजारी, पण १ आणि २ यांच्यामध्ये अख्खा मधला भाग! दोन वेगवेगळ्या ऑर्डरींतून तिकिटं जुळवणाऱ्यांनी हे आधी पाहावं. लंडनमध्ये क्रमांक सहसा सलग असतात. रांगेचं अक्षरही फसवतं, कारण ‘ए’च्याही पुढे, रंगमंचाच्या बाजूला, ‘एए’, ‘बीबी’ अशा रांगा असू शकतात.

दोन्हीकडची पुष्कळ नाट्यगृहं शंभराहून अधिक वर्षं जुनी आहेत. वरच्या मजल्यांवर पाय ठेवायला जागा कमी, पायऱ्या उभ्या आणि लिफ्ट असेलच असं नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर तळमजला घ्या. व्हीलचेअरच्या जागा वेगळ्या नोंदवतात. त्यासाठी नाट्यगृहाशी थेट बोला.

प्रश्न : चौघांना एकत्र बसायचं आहे. नकाशावर पाच आसनं मोकळी दिसतात, पण साइट चार घेऊ देत नाही.

उत्तर : एक आसन एकटं उरतंय म्हणून. सुटं आसन विकायला अवघड, त्यामुळे बऱ्याच साइटची यंत्रणा तशी निवड नाकारते. सहा मोकळ्या आसनांची सलग रांग शोधा, किंवा दोन-दोन एकामागे एक घ्या; बोलायला तेही सोयीचं. चारांचा हट्ट जितका कमी, तितकी जागा चांगली मिळते. एकट्यानं जाणाऱ्याला तर उशिरा आलं तरी मोक्याचं आसन सापडतं.

प्रश्न : पहिल्याच दिवशी सगळं संपलं. आता विसरायचं का?

उत्तर : मुळीच नाही. पहिल्या तासात ‘संपलं’ दिसतं, त्यातली काही आसनं इतरांच्या टोपलीत अडकलेली असतात. पैसे न भरणाऱ्यांची दहा-पंधरा मिनिटांत परत येतात. त्यानंतर तालमी रंगमंचावर आल्या की ध्वनीचं टेबल, कॅमेरे आणि नेपथ्य नेमकं कुठे बसणार हे ठरतं, आणि त्यासाठी अडवून ठेवलेली जी आसनं लागत नाहीत ती विक्रीला येतात. कलाकार, निर्माते यांच्यासाठी राखलेली आसनं वापरली गेली नाहीत तर प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधी सुटतात, आणि ती बहुधा उत्तम जागची असतात. म्हणून आदल्या दोन दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे मुदतवाढ. निर्माते सगळ्या तारखा एकदम विक्रीला काढत नाहीत. पहिला टप्पा भरला की पुढचे महिने उघडतात. बंद होणाऱ्या प्रयोगांनाही हे लागू पडतं: ब्रॉडवेवरचं ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ १८ फेब्रुवारी २०२३ रोजी थांबणार, असं सप्टेंबर २०२२मध्ये जाहीर झालं, तिकिटांवर उड्या पडल्या आणि शेवटचा प्रयोग १६ एप्रिल २०२३पर्यंत पुढे गेला. ‘शेवटची संधी’ म्हणून दलालाला तिप्पट पैसे देण्याआधी हे आठवा.

प्रश्न : काल पाहिलेला भाव आज वाढला. हे कायदेशीर आहे?

उत्तर : आहे. मागणी पाहून भाव वर-खाली करणं आता सर्रास चालतं. ब्रॉडवेवर खास आसनं चढ्या भावानं अधिकृतपणे विकायची सुरुवात २००१मध्ये ‘द प्रोड्युसर्स’नं केली. तेव्हाचा ४८० डॉलरचा भाव ऐकून लोक चक्रावले होते. भाव मागणीबरोबर खालीही येतो. ब्रॉडवेवर आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात. त्यांतले मंगळवार ते गुरुवारचे शनिवारच्या रात्रीपेक्षा बहुधा स्वस्त असतात. नाताळच्या सुट्ट्या संपल्यावरचे जानेवारी-फेब्रुवारी हे आठवडे सर्वांत मंद.

तिकिटावरचं बुकिंगचं शुल्क किती हे पाहताना ते तिकिटामागे आहे की ऑर्डरमागे, ते वाचा. ऑर्डरमागे असेल तर चार तिकिटं एकत्र घेतलेली परवडतात. अमेरिकेत १२ मे २०२५पासून सक्तीचं शुल्क धरूनचा पूर्ण भाव सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक झालं आहे. शेवटच्या पानावर आकडा फुगला तर ती साइट सोडा. पैसे भरताना तिकीटविमाही पुढे केला जातो. अटी वाचून ठरवा. कामाची अडचण किंवा मन बदलणं त्यात सहसा बसत नाही.

प्रश्न : प्रिव्ह्यूची तिकिटं घ्यावीत का?

उत्तर : प्रिव्ह्यू म्हणजे प्रेक्षकांसमोरचे पूर्ण प्रयोग, पण समीक्षकांसाठीच्या रात्रीच्या आधीचे. गाणी कापली जातात, प्रवेश हलतात, यंत्र अडकून प्रयोग मध्येच थांबतो. ज्यांना ही घडण बघायला आवडते त्यांनी जरूर घ्यावीत. लांबून विमानानं येणाऱ्यांनी मात्र अगदी पहिल्या आठवड्याची घेऊ नयेत, कारण पुढे ढकलले जातात ते याच आठवड्यातले प्रयोग. लंडनचं ‘हॅमिल्टन’ नोव्हेंबर २०१७ऐवजी डिसेंबरमध्ये उघडलं, कारण व्हिक्टोरिया पॅलेस नाट्यगृहाचं नूतनीकरण लांबलं होतं. प्रयोग रद्द झाला तर तिकिटाचे पैसे किंवा दुसरी तारीख मिळते. विमान आणि हॉटेल तुमचं तुम्हाला.

प्रश्न : ज्या अभिनेत्रीसाठी तिकीट काढलं तीच त्या दिवशी नसेल तर?

उत्तर : ब्रॉडवेवर प्रघात असा की कलाकाराचं नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाच्या वर असेल, तरच तो गैरहजर असताना पैसे परत किंवा बदली तिकीट मागता येतं. नाव खाली असेल तर नाही. लंडनमध्ये बहुतेक वेळा कुणाचीच हमी नसते. अवघड गायकीच्या भूमिकांना ठरावीक प्रयोगांसाठी वेगळी अभिनेत्री नेमलेली असते. १९७९मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘एविटा’त मॅटिनीला, म्हणजे दुपारच्या प्रयोगाला, मुख्य भूमिका दुसरीच अभिनेत्री करत असे. अशा तारखा विक्रीच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेल्या असतात. पैसे भरण्याआधी त्या वाचाव्यात. आयत्या वेळी भूमिका करणाऱ्या कलाकाराला कमी लेखू नये, हे जाता जाता.

प्रश्न : दुसऱ्या साइटवर तिकिटं दिसतात, पण खरी की खोटी ते कसं कळणार?

उत्तर : अधिकृत विक्रेता कोण हे म्युझिकलच्या किंवा नाट्यगृहाच्या स्वतःच्या साइटवरून जाऊनच ठरवा. शोधयंत्रात सर्वांत वर येणारा दुवा जाहिरात असू शकतो. विक्री उघडायच्या आधीच तिकीट विकणाऱ्याकडे बहुधा तिकीट नसतं. तो आधी तुमचे पैसे घेतो, मग तिकीट शोधायला निघतो. रांग आणि आसनक्रमांक न सांगणाऱ्याला टाळा. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पुनर्विक्री करताना भाग, रांग, आसन, मूळ भाव आणि निर्बंध सांगावे लागतात. अमेरिकेत बॉट (आपोआप तिकिटं उचलणारे प्रोग्राम) वापरून खरेदीची मर्यादा ओलांडणं २०१६च्या कायद्यानं बेकायदा झालं, तरी दलाल संपलेले नाहीत.

फोटो किंवा स्क्रीनशॉटवर पैसे देऊ नका. बऱ्याच अ‍ॅपमधला बारकोड ठरावीक वेळानं बदलतो, त्यामुळे चित्र दारावर चालत नाही. तिकीट अ‍ॅपमधून तुमच्या खात्यात आलं तरच ते तुमचं. काही प्रयोगांना हस्तांतरणच नसतं: लंडनच्या ‘हॅमिल्टन’ला सुरुवातीला कागदी तिकीटच नव्हतं, ज्या कार्डानं खरेदी केली ते कार्ड आणि फोटो ओळखपत्र दारावर दाखवावं लागे. भेट म्हणून तिकीट देणार असाल तर हा नियम आधी पाहा.

प्रश्न : लॉटरी (सोडतीतून मिळणाऱ्या) आणि ‘रश’ (त्याच दिवशी स्वस्तात मिळणाऱ्या) तिकिटांवर भिस्त ठेवावी का?

उत्तर : त्या शहरात राहत असाल किंवा आठवडाभर असाल तर ठेवा. ‘रश’ची चाल १९९६च्या ‘रेंट’नं रुजवली, पुढच्या रांगांची आसनं २० डॉलरला त्याच दिवशी मिळत. ‘हॅमिल्टन’च्या ब्रॉडवे लॉटरीत पहिल्या रांगेचं आसन १० डॉलरला होतं. आता बहुतेक लॉटऱ्या ऑनलाइन आहेत. नंबर लागल्यावर पैसे भरायला थोडाच वेळ मिळतो, म्हणून निकालाच्या वेळी फोन हाताशी ठेवा. टाइम्स स्क्वेअर आणि लेस्टर स्क्वेअरच्या ‘टीकेटीएस’ खिडकीवर त्याच दिवशीची सवलतीची तिकिटं मिळतात, पण ज्याची तिकिटं आधीच संपतात ते म्युझिकल तिथे सहसा नसतं. खिडकीवर जायचंच असेल तर नाट्यगृहाच्या स्वतःच्या खिडकीवर जा. तिथे ऑनलाइनचं शुल्क वाचतं आणि रद्द झालेल्या आसनांची चौकशीही करता येते.