अनुदान मंजूर झाले, मग कर्ज साडेनऊ लाखांचे कसे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. मसाला कांडप आणि शेवया-पापड तयार करण्याच्या उद्योगासाठी मी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून 10 लाख रुपयांचे प्रकरण केले. मला 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख रुपये अनुदान मिळेल असे सांगण्यात आले होते. मात्र बँकेच्या मंजुरीपत्रात कर्जाची रक्कम 9 लाख 50 हजार लिहिली आहे आणि अनुदान खात्यावर आलेले दिसत नाही. माझी फसवणूक झाली आहे का? – एक वाचक भगिनी

उत्तर : आपण लिहिलेल्या तपशिलावरून फसवणूक झालेली दिसत नाही, मात्र ही योजना समजावून सांगण्याचे काम कोणीतरी अर्धवट सोडले, हे खरे. सर्वसाधारण अर्थाने अनुदान म्हणजे ठरलेल्या कामासाठी दिलेली आणि अटी पाळल्यास परत न घेतली जाणारी रक्कम, तर कर्ज म्हणजे ठरलेल्या मुदतीत व्याजासह फेडायची रक्कम. आपल्या योजनेत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात गुंफलेल्या असल्यामुळे आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

या कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिला उद्योजिकेला प्रकल्प खर्चाच्या 5 टक्के रक्कम स्वतः घालावी लागते. आपल्या बाबतीत ती 50 हजार होते आणि उरलेले साडेनऊ लाख बँक कर्ज म्हणून मंजूर करते. साडेतीन लाखांचे अनुदान आपल्या हाती किंवा बचत खात्यावर येत नाही. ते बँकेकडे येते आणि आपल्या नावाने तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले जाते. या ठेवीवर आपल्याला व्याज मिळत नाही आणि त्याच्या बदल्यात कर्जातील तेवढ्याच रकमेवर बँकेने व्याज आकारायचे नसते. म्हणजे कागदावर कर्ज साडेनऊ लाखांचे असले, तरी अनुदान ठेवीत जमा झाल्यानंतर व्याजाचा भार सहा लाखांवरच पडायला हवा. व्याजदर समजा दरसाल 11 टक्के धरला, तर साडेनऊ लाखांवर पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे 1,04,500 रुपये होईल आणि सहा लाखांवर 66,000. हा 38,500 रुपयांचा फरक आपल्या पदरात पडतो की नाही, हे खातेउताऱ्यावरून पाहण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. म्हणून अनुदानाची ठेव कोणत्या तारखेला झाली आणि हप्ता कोणत्या रकमेवर काढला आहे, या दोन गोष्टी शाखेकडून लेखी मागून घ्याव्यात.

तीन वर्षांनंतर उद्योगाची प्रत्यक्ष तपासणी होते आणि तो नियमानुसार चालू आढळला की ठेवीतील रक्कम कर्जखात्यात वळती केली जाते. तेव्हाच ती खऱ्या अर्थाने अनुदान ठरते. यंत्रसामग्री घेतलीच नाही किंवा पैसा घरबांधणीकडे वा लग्नकार्याकडे वळवला, तर अनुदान परत जाते आणि ते साडेतीन लाखही आपल्यालाच फेडावे लागतात. त्यामुळे माझा आपल्याला आग्रहाचा सल्ला आहे, की पहिली तीन वर्षे आपल्यावर साडेनऊ लाखांचे ऋण आहे असे धरूनच हिशेब मांडावा. या तीन वर्षांत मिरचीचा भाव चढेल, ऐन हंगामात कांडपयंत्र बंद पडेल, उधारी अडकेल. तरीही हप्त्याची तारीख पुढे सरकणार नाही. ‘निम्मे तर सरकारच भरणार’ अशा समजुतीत राहून पहिलाच हप्ता चुकवलेली काही कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांत कष्टाळू माणसांची संख्या मोठी होती, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

या समजुतीची मुळे जुनी आहेत. 1883 आणि 1884 च्या कायद्यांखाली सरकार शेतकऱ्यांना विहिरीसाठी, बैलांसाठी, बियाण्यांसाठी जी तगाई देत असे, ती कर्जच होती. परंतु दुष्काळात तिची वसुली तहकूब होई, कधी सूटही मिळे, आणि सरकारकडून आलेला पैसा परत करायचा नसतो असा समज घट्ट होत गेला. आजही ‘शासकीय योजना’ हे शब्द ऐकले की आपण रक्कम विचारतो, ती कोणत्या स्वरूपात येणार हे विचारत नाही. महामंडळांच्या योजनांतील ‘बीजभांडवल’ हा शब्द अनुदानासारखा वाटतो, पण ती रक्कम बहुतेक वेळा कमी व्याजाचे कर्जच असते. व्याज परतावा योजनेत आधी हप्ता आपण भरायचा आणि मग त्यातील व्याज परत मिळवायचे असते. मुद्दल त्यामुळे एका रुपयानेही कमी होत नाही.

प्रश्न : आमच्या नोंदणीकृत संस्थेला केंद्र सरकारकडून अनुदान मिळाले आहे. ते परत करायचे नसल्याने उरलेली रक्कम संस्थेच्या इमारत निधीत टाकावी, असे काही विश्वस्तांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का? – एका संस्थेचे चिटणीस

उत्तर : नाही. अनुदान परत करायचे नसते ते मंजूर कामावर खर्च झाले तर. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते, न वापरलेली रक्कम परत करावी लागते आणि अनुदान खात्यात पडून असताना मिळालेले व्याजही संस्थेचे होत नाही. अनुदानातून घेतलेली मालमत्ता परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. याउलट, बँकेचे कर्ज फिटले की त्यातून घेतलेले यंत्र पूर्णपणे आपले होते. आपण स्वतंत्र खाते ठेवून प्रत्येक पावती जपावी आणि शिल्लक रकमेबाबत इमारत निधीचा ठराव करण्याऐवजी मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहावे.

प्रश्न : मुद्रा कर्जावर किती अनुदान मिळते? एक मध्यस्थ ते मिळवून देण्यासाठी आगाऊ रक्कम मागत आहे.

उत्तर : 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत अनुदान नाही. तिची सवलत अशी, की या कर्जासाठी तारण द्यावे लागत नाही. मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडावेच लागतात. त्यामुळे हा मध्यस्थ जे मिळवून देतो म्हणतो, ते अस्तित्वातच नाही. त्याला पैसे देऊ नयेत, आधार किंवा बँकेच्या पुस्तकाची प्रत दिली असल्यास आपल्या शाखेला लगेच कळवावे आणि कर्ज खरोखरच हवे असेल, तर त्याच शाखेत स्वतः जाऊन अर्ज करावा.