वाळूवर आपलं पाऊल नको

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात लेन्सबद्दल नऊ प्रश्न आहेत, फ्लॅशबद्दल चार, आणि वाळूबद्दल एकही नाही. अगं, तू वाळवंटातलं लग्न शूट करायला निघाली आहेस. वीस माणसं, ना मांडव, ना भिंत, ना झाड. तुझ्या प्रत्येक फोटोत अर्धी जागा वाळूच व्यापणार आहे, आणि तू तिचं नावही काढत नाहीस.

लेन्सचं आधी उरकतो. दोन कॅमेरा बॉडी घे, एकीवर रुंद दृश्यासाठी ३५ मिमीची लेन्स, दुसरीवर चेहऱ्यांसाठी ८५ मिमीची. आणि दिवसभर लेन्स बदलू नकोस, कारण वारा सुटला की उघड्या कॅमेऱ्यात धूळ गेलीच म्हणून समज. काचेवर वाळू बसली तर कापडाने पुसायची नाही, ब्लोअरने, म्हणजे हवेच्या रबरी फुग्याने, उडवायची. वाळूत बहुतेक क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कठीण असतं, पुसायला जाशील तर ओरखडे उठतील. झालं, नऊ प्रश्न संपले.

आता ऐक. वाळूवर आपलं पाऊल नको. जिथला फोटो घ्यायचा आहे, तिथून चालायचं नाही.

माझं वाळवंटातलं पहिलं लग्न असंच छोटं होतं. मी उत्साहाने दोन तास आधी पोचलो आणि जागा बघायची म्हणून सगळीकडे हिंडलो. या टेकाडावर चढ, तिथून उतर, इकडून प्रकाश कसा दिसतो, तिकडून कसा. मला वाटत होतं, केवढी तयारी करतोय मी! उन्हं उतरली, नवरा-नवरी हात धरून टेकाडाच्या धारेवरून चालू लागले, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. सूर्य खाली आला की वाळूवरची बारीकशी लहरसुद्धा उठून दिसते, तसा पाऊलठसाही दिसतो. एकेका ठशात काळी सावली भरलेली. सगळीकडे माझीच पावलं. दुपारी डोक्यावरच्या उन्हात ती मला दिसलीही नव्हती.

नंतर कित्येक रात्री संगणकावर बसून ती पुसत होतो. लहरी जुळत नाहीत, जिथे पुसलं तिथे ठिगळ दिसतं. शेवटी अल्बम दिला. नवरीने पानं उलटली, त्या फोटोवर थांबली आणि विचारलं, "इथे आमच्या आधी कोण येऊन गेलं होतं?" मी सांगितलं, असेल कोणीतरी. खोटं बोललो, आणि ते अजून सलतं.

म्हणून सांगतो, आदल्या दिवशी लग्नाच्याच वेळेला तिथे जा, पण कडेकडेने. हात लांब करून आडवी बोटं क्षितिजावर धर. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये जितकी बोटं मावतील, तितके साधारण पाव-पाव तास सूर्यास्ताला उरलेले असतात. आणि बोटं खऱ्या क्षितिजापासून मोजू नकोस, पश्चिमेच्या टेकडीच्या माथ्यापासून मोज. टेकडी दोन बोटं उंच असेल, तर तुझा सूर्यास्त अर्धा तास आधीच होतो. विधीची वेळ नवरा-नवरीशी बोलून त्या हिशेबाने ठरव. मग तुझ्या उभं राहायच्या तीन जागा पक्क्या कर आणि त्यांच्यापर्यंतची वाट फोटोच्या पाठीमागून आख. येताना एकच रांग, परत जाताना त्याच ठशांवर पाय. लांबचा, रुंद फोटो सगळ्यात आधी घे. जवळचे चेहरे नंतरही मिळतात, कोरी वाळू मिळत नाही. टेकाडाच्या उभ्या उतारावर तर पायच ठेवू नकोस. तिथली वाळू सुमारे ३० ते ३४ अंशांत कशीबशी थांबलेली असते, एका पावलाने अख्खा पट्टा घसरतो.

तू म्हणशील, वारा येईल आणि सगळं पुसून टाकेल. नेहमीच येतो असं नाही, आणि तुझ्या तासाभरात तर नाहीच. शिवाय सगळं वाळवंट म्हणजे मोकळी वाळू नव्हे. पुष्कळ ठिकाणी जमिनीवर काळपट, खरबरीत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीव, शेवाळ, दगडफूल यांनी मातीचे कण बांधून तो तयार केलेला असतो, तो जिवंत असतो. त्यावर पाय पडला की भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात तिथल्या सैन्याने १९४२ ते १९४४ या काळात रणगाड्यांचा सराव केला, त्यांच्या साखळ्यांच्या खुणा तिथे आजही दिसतात. आणि तू एका फोटोसाठी त्या पापुद्र्यावर गुडघे टेकणार? असा पापुद्रा दिसला तर दगडावरून, कोरड्या ओहोळातून किंवा मळलेल्या वाटेवरून जा. नाही जमलं तर तो फोटो सोड.

लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. मी दोरी लावतो, पाहुण्यांना लांबून फिरवतो. एकाने त्यावरून आगाऊ ठरलेलं काम काढून घेतलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. जो येतो तो म्हणतो, एक पाऊल पडलं तर काय बिघडतं? वीस माणसांची वीस "एक पावलं" झाली की काय उरतं ते मी पाहिलंय.

एक प्रसंग मात्र तुला सांगायलाच हवा. एका लग्नात वचनं म्हणताना नवरीला रडू कोसळलं. समोर बसलेले तिचे वडील उठले आणि सरळ तिच्याकडे निघाले. मध्ये माझी राखलेली वाळू होती. मी हात आडवा केला आणि त्यांना वळसा घालून जायला सांगितलं. भला माणूस, ऐकलं त्यांनी. तो वळसा पन्नासेक पावलांचा असेल. ते पोचले तोवर तिने डोळे पुसले होते.

फोटो उत्तम आला. मी बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत होतो. ती जागा मी राखली म्हणूनच तो फोटो झाला, आणि फोटो राहतो, रडणं दोन मिनिटांचं असतं. पण त्या फोटोत वडील नाहीत. ते सरळ चालत गेले असते तर त्यांच्या पावलांची एक रांग तिच्यापर्यंत गेलेली दिसली असती, आणि त्या दिवसाचा खरा फोटो तोच होता. हे मला कळायला फार उशीर झाला. आपलं पाऊल नको, असं मी म्हणतो ते आपलं. तुझं आणि माझं. त्यांची पावलं पडण्यासाठीच तर वाळू कोरी ठेवायची. दोरी विधी सुरू होईपर्यंत, मग काढून टाक.

फ्लॅशचं राहिलं. बहुतेक लागणार नाही. फिकट वाळू खालून प्रकाश परतवते, डोळ्यांखालच्या आणि हनुवटीखालच्या सावल्या आपोआप भरतात. तो प्रकाश पिवळसर असतो, म्हणून रॉमध्ये शूट कर, म्हणजे रंग नंतर सुधारता येईल अशा कच्च्या फाइलमध्ये. उजळ वाळू कॅमेऱ्याला फसवते आणि फोटो मळकट येतो, तेव्हा एक्स्पोजर साधारण एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढव, पण नवरीचा पोशाख पांढरा असेल तर हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखावर, नजर ठेव. भर उन्हात मागच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस. सूर्य बुडाल्यावर लगेच सामान आवरू नकोस. अजून वीस मिनिटं मऊ उजेड असतो आणि पूर्वेला गुलाबी पट्ट्याखाली पृथ्वीची निळी सावली चढत येते. त्या वेळी पाहुणे निघून गेलेले असतात आणि ते दोघंच उरतात.

फोटो पाठवशील तेव्हा निवडक नकोत. कोणीही यायच्या आधी तू घेतलेला पहिला पाठव, आणि सगळे गेल्यावर त्याच जागेवरून घेतलेला शेवटचा.

तुझे
सर