कॅम्पिंगसाठी चाकू: दहा इंच नको, चार इंच पुरे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तोरणमाळ, पाल, पाटणादेवी या बाजूला मित्रांबरोबर मुक्कामाला जाता. न मिटणारा, म्हणजे फिक्स्ड ब्लेड चाकू घ्यायचाय. एक दहा इंची चाकू ऑनलाइन पाहून ठेवलाय, त्याच्या पाठीवर करवतीचे दात आहेत आणि पोकळ मुठीत काड्या नि होकायंत्र आहे. तो घ्यावा का, आणि पोलाद कार्बनचं बरं की स्टेनलेस?

तो घेऊ नका. मी तसाच एक घेतला होता आणि त्याची खूण अजून उजव्या तळव्यावर आहे.

माझं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. डिसेंबरात शेताच्या वरच्या बांधाला आम्ही चौघं रात्री मुक्कामाला होतो. शेकोटीसाठी अंजनाची एक वाळकी, पडलेली फांदी उभी फोडायची होती. चाकू फांदीच्या टोकावर आडवा ठेवला आणि पाठीवर दांडक्यानं ठोकायला लागलो. अंजन म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात टणक नि जड लाकूड, वाळल्यावर तर कुऱ्हाडसुद्धा मागे फेकतं. चौथ्या-पाचव्या ठोक्याला पातं मुठीतून सुटलं आणि तळवा चिरत खाली पडलं. रात्रीच मोटारसायकलवर चोपड्याला नेलं, तीन टाके पडले.

सकाळी ती मूठ उजेडात नीट पाहिली. पातं मुठीच्या तोंडाशीच संपत होतं. तिथून पुढे करंगळीहून बारीक आटेवाली सळई, ती पात्याला नुसत्या वेल्डिंगनं चिकटवलेली. सांध्याच्या अर्ध्या भागात धातू पांढरा, ताजा तुटलेला होता, उरलेल्या अर्ध्यात तांबूस जुना गंज. म्हणजे तडा माझ्या हातात येण्याआधीपासून होता आणि वरून काही दिसत नव्हतं. पोकळ मुठीत सामान ठेवायला जागा हवी म्हणून पोलादच आत जाऊ दिलेलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट बघायची ती हीच, की पात्याचं पोलाद मुठीत किती आत गेलंय. पात्याचं टोक ते मुठीचं बूड अशी सलग एकच पट्टी असेल तर त्याला फुल टँग म्हणतात. मुठीच्या कडेला दोन लाकडांच्या मधोमध पोलादाची रेघ दिसते, ती शोधा. याला एक अपवाद मला माहीत आहे. स्वीडनचे मोरा चाकू पूर्ण टँगचे नसतात, पण पोलादाची शेपटी प्लास्टिकच्या मुठीत घट्ट ओतून बसवलेली असते. त्यांचा कंपेनियन नावाचा चाकू हलका, साधारण चार इंची पात्याचा आहे. ठोकाठोकी सोडली तर बाकी सगळ्या कामाला तो मला आवडतो. दिसायला साधा आहे, तुमचे मित्र त्याकडे बघणारही नाहीत.

आता आकार. मुक्कामात तुम्ही कापता काय, ते एकदा आठवा. कांद्याची पात, मिरच्या, वांगी. तंबूची दोरी. खुंटीला टोक. पेटवणासाठी काटकीच्या पातळ ढलप्या. यातलं एकही काम दहा इंची पात्यानं नीट होत नाही. चार इंचांचं पातं बोटांच्या जवळ राहतं, टोक कुठे आहे ते न बघता कळतं. लांब पात्याचं टोक अंधारात नेमकं दुसऱ्याच्या हाताकडे जातं.

जाडीचं तर लोक विचारतच नाहीत, आणि माझ्या मते लांबीपेक्षा ती महत्त्वाची. अडीच ते साडेतीन मिलिमीटर घ्या. पाच-सहा मिलिमीटरचा चाकू दुकानात हातात घेतला की भारदस्त वाटतो, पण त्यानं कांदा चिरून बघा. पातं अर्ध्यावर गेलं की कांदा करकन फुटतो, चिरला जात नाही. आमच्याकडे मुक्काम म्हटला की बामणोदची वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून भरीत. मग पावशेर कांद्याची पात, लसूण आणि कोथिंबीर चिरायची असते. त्या दहा इंची पट्ट्यानं हे करताना निम्मी पात नुसती चेंगरली होती आणि पाणी सुटलं होतं.

जाड लाकूड फोडायचं असेल तर घरचा कोयता न्या, नाहीतर छोटी कुऱ्हाड किंवा घडीची करवत. शेतकऱ्याच्या घरात ती हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी आहेत. पाठीवरचे करवतीचे दात लाकडात दोन-तीन मिलिमीटर गेले की अडकतात. शिवाय पाठीवर अंगठा टेकवून जोर देता येत नाही आणि फेरो रॉडही (पेटवणासाठी घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) तिथे नीट घासता येत नाही. साधी, काटकोनी कडेची पाठ असेल तर ठिणग्या भरपूर पडतात.

पोलादाबद्दल. तुमचा पहिलाच चाकू असेल तर स्टेनलेस घ्या. कार्बन पोलादाला (उदाहरणार्थ १०९५) धार पटकन लागते आणि दगडावर सहज परत येते. पण त्याला रोज पुसावं लागतं. केळीच्या बागेत काम केलेल्याला हे समजावं लागत नाही. घड कापला की चीक लागतो आणि घरी येईपर्यंत पातं काळंनिळं होतं. लिंबू, चिंच, कैरी यांनीही तसंच. तो काळा थर हळूहळू बसला तर गंजापासून थोडं रक्षणच करतो, मला तर तो बघायला आवडतो. पण जुलैत ओल्या सॅकमध्ये दोन दिवस विसरलात तर तांबडे ठिपके पडतात, ते पात्यात खड्डे करतात.

स्टेनलेसमध्ये १२सी२७ किंवा ४२० एचसी चांगली. डी२ या पोलादाची धार खूप टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, आणि धार एकदा बोथट झाली की साध्या दगडावर घाम काढते. पेटीवर नुसतंच ‘४४०’ लिहिलेलं असेल तर विचारा कुठलं. ए, बी, सी असे तीन प्रकार आहेत, कार्बन सगळ्यात जास्त सीमध्ये. अक्षर लिहिलेलं नसेल तर मी सी धरून चालत नाही. कडकपणा रॉकवेल मापानं ५६ ते ६० च्या दरम्यान असावा. त्याहून कमी असेल तर धार वळते, फार जास्त असेल तर टवके उडतात.

ऑनलाइन न घेता गावच्या लोहाराकडून करून घेता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण माझा आत्ताचा चाकू तसाच आहे. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेऊन मी आमच्या गावच्या लोहार आबांकडे गेलो आणि आठ इंच सांगितले. त्यांनी पाट्यावर चार बोटं ठेवली नि म्हणाले, “इतलं मोठं कशाले, भाऊ?” मूठ धरून पात्याला साडेचार इंचांची खूण त्यांनीच केली.

कमानपाट्याचं पोलाद चाकूला उत्तम, पण पाणी पाजणं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करणं, नीट व्हायला हवं. आबांनी पातं भट्टीत लाल केलं, मधून मधून चुंबक लावून पाहिलं. साधारण ७७० अंशांना चुंबक चिकटेनासं होतं. त्यानंतर थोडं आणखी तापवून कोमट तेलात बुडवलं. हे पोलाद साध्या पाण्यात बुडवलं तर तडकण्याची भीती असते. गार झाल्यावर कानस फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. इथं बरेच जण थांबतात आणि तिथेच चूक होते, कारण या अवस्थेत पातं ठिसूळ असतं, दगडावर पडलं तरी मोडेल. मी ते घासून पांढरं केलं आणि घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, असं दोनदा ठेवलं. पातं गव्हाळ पिवळं होऊन बाहेर आलं. सहा वर्षं झाली, अजून टवका नाही. लोहाराकडून घेणार असाल तर तेल कुठलं आणि नंतर पुन्हा तापवणार का, हे दोन प्रश्न विचारा.

मूठ दुकानात दहा मिनिटं घट्ट धरून बघा. बोटांत कुठे बोचली तर मुक्कामात तिथेच फोड येणार. तेलकट हातानं बोट पात्यावर घसरू नये म्हणून पुढे छोटा उंचवटा हवा. शिसवी लाकूड, मायकार्टा (कापडाचे थर राळेत दाबून केलेलं टणक साहित्य) किंवा चांगलं रबर, तिन्ही चालतात. धातूची उघडी मूठ मात्र नको. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, उन्हात पडलेला लोखंडी दांडा कसा लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

म्यानाची परीक्षा सोपी आहे: उलटं धरून जोरात हलवा. चाकू निसटला तर ते म्यान बदला. घाटात पाय घसरून आपण आपटतो तेव्हा कमरेच्या चाकूचं टोक म्यान फोडून मांडीत जाऊ शकतं, म्हणून पातळ कापडी म्यान नकोच. चामड्याचं छान दिसतं, पण पावसाळ्यात ओल धरतं. घरी आल्यावर चाकू म्यानाबाहेर ठेवायचा, खोबरेलाचं बोट फिरवून. थंडीत खोबरेल गोठतं, तरी काम करतं.

धार तुम्हीच लावायला शिका. सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याला हा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडताना पातळ कड तापते, निळी पडते आणि त्या जागेचं पाणी उतरतं. ते पुन्हा पाजल्याशिवाय येत नाही. एक ४००-१००० ग्रिटचा (एक बाजू भरड, दुसरी बारीक) दुहेरी दगड आणि जुना चामडी पट्टा एवढं सामान पुरतं. कोनासाठी कागदाचा चौकोनी कोपरा एकदा दुमडा, ४५ अंश झाले. पुन्हा दुमडा, साडेबावीस. ती घडी दगडावर ठेवून पात्याचा कल जुळवा आणि तेवढाच कल दोन्ही बाजूंना राखा. सुरुवातीचे पाच-सहा दिवस हात डळमळतो. मग एके दिवशी टोमॅटोची साल स्वतःच्या वजनानं कापली जाते आणि तो आनंद वेगळाच असतो. आमच्या घरी खंडेनवमीला कोयता-विळ्याबरोबर हा चाकूही पाटावर असतो, आणि आदल्या दिवशी सगळ्यांना धार लावायचं काम माझ्याकडे असतं.

वापरताना एकच सवय सांभाळा. बसून लाकूड तासताना दोन्ही मांड्यांच्या मध्ये हात नेऊ नका, मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. कोपर गुडघ्याच्या बाहेर ठेवा, पातं अंगापासून लांब चालवा. दुसऱ्याला चाकू हातात देऊ नका, खाली ठेवा, त्याला उचलू द्या.

शेवटचं कायद्याचं. याकडे दुर्लक्ष करू नका, कारण तुम्ही ज्या ठिकाणांची नावं घेतलीत त्यातली दोन अभयारण्यांच्या हद्दीतली आहेत. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. तुमचा दहा इंची चाकू त्या रेषेच्या पलीकडे जातो. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात बंदी आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी लहान चाकू बाळगणंही अडचणीत आणू शकतं. निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

जंगलाचा नियम याहून कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच चाकू धरलेला आहे आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. पालच्या बाजूला यावल अभयारण्य आहे, पाटणादेवीला गौताळा औट्रमघाट, शिरपूरकडे अनेर धरणाचं. तिथे जाताना वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. नाही म्हणाले तर चाकू गाडीत ठेवण्यापेक्षा घरीच ठेवा, भाजी घरून चिरून न्या. दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेला जाणार असाल तर तिथेही नेऊ नका. रात्रीची चढण, अरुंद वाट आणि खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी असते, चाकूला काम काहीच नसतं. एसटीनं जाताना तो म्यानासह टॉवेलात गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवा, कमरेला लावू नका.

तुमच्या तळव्याची रुंदी चार बोटांची किती इंच भरते ते कळवलंत तर मुठीची लांबी किती घ्यावी ते सांगतो.