वाचकांचे प्रश्न : स्थिर चित्रे हलतात कशी?

प्रश्न : माझे वडील सोलापुरातील एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांनी जपून ठेवलेला फिल्मचा तुकडा उजेडात धरला, तर जवळजवळ एकसारखी चित्रे एकाखाली एक दिसतात. हीच चित्रे पडद्यावर हलती कशी होतात, आणि सेकंदाला चोवीसच चित्रे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : शाळेत आपण दृष्टिसातत्याचे कारण शिकलो. डोळ्यांत उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकते, ती विरण्याआधी पुढचे चित्र येते, म्हणून हालचाल दिसते, असे ते कारण आहे. आमच्या मते हे उत्तर अर्धेच आहे. चित्रे नुसती डोळ्यांत रेंगाळत असती, तर धावणाऱ्या माणसाचे पाय एकमेकांवर छापल्यासारखे दिसले असते. पाऊल पुढे पडताना दिसले नसते. अंधार लपवणे आणि हालचाल निर्माण करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

अंधार लपवण्याचे काम आपल्या वडिलांच्या प्रोजेक्टरकडे होते. त्यात फिल्म चित्राच्या खिडकीपुढून सलग सरकत नाही. एक फ्रेम तिथे येऊन पूर्ण थांबते, मग माल्टीज क्रॉस नावाचे खाचांचे चक्र फिल्मला बरोबर एका फ्रेमने खाली ओढते, आणि ही ओढ पडद्यावर दिसू नये म्हणून तेवढा वेळ शटरचे पाते प्रकाश अडवते. सेकंदाला चोवीसदाच असा अंधार झाला तर पडदा लुकलुकताना स्पष्ट जाणवतो. म्हणून शटरला दुसरे पाते असते आणि ते फ्रेम स्थिर असतानाही एकदा प्रकाश तोडते. अशा रीतीने प्रत्येक चित्र दोनदा झळकते, सेकंदाला उजेडाची अठ्ठेचाळीस वेळा उघडझाप होते आणि डोळ्यांना ती बहुतांशी सलग वाटते. (तीन तासांच्या खेळात जवळपास निम्मा वेळ आपण काळोखाकडे पाहत असू, याची तिकीट काढताना कोणाला कल्पना नसे.)

हालचाल मात्र मेंदू घडवतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी जर्मनीत केलेले यासंबंधीचे प्रयोग १९१२ साली प्रसिद्ध झाले. दोन ठिकाणच्या दोन रेघा त्यांनी आळीपाळीने दाखवल्या. मधले अंतर सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाइतके असले की एकीनंतर दुसरी रेघ दिसे. ते तिसाव्या भागाच्या आसपास आणले की दोन्ही एकाच वेळी दिसत. पण या दोहोंच्या मध्ये, साधारण सोळाव्या भागाला, एकच रेघ इकडून तिकडे सरकल्याचा भास होई. गणपतीच्या मांडवातील ‘पळत्या’ दिव्यांच्या माळेत हेच घडते. एकही दिवा जागचा हलत नाही, तरी उजेड धावताना दिसतो. लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक पुरेसा लहान असेल, तर खऱ्या हालचालीची दखल घेणारी मेंदूची यंत्रणा त्यालाही हालचाल म्हणूनच स्वीकारते. चित्रणाच्या वेळी प्रत्येक फ्रेम साधारणपणे सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका वेळ प्रकाश घेते, त्यामुळे वेगाने हलणारा हात तिच्यात पुसटसा उमटतो आणि हा पुसटपणाही हालचाल सलग वाटायला मदत करतो. आपल्याकडील तुकड्यात एखादा धावता माणूस असेल, तर भिंगाखाली हे पाहता येईल.

आता चोवीसविषयी. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे वेग सेकंदाला सोळा ते वीस फ्रेमच्या आसपास असे आणि तो थोडा कमीजास्त झाला तरी बिघडत नसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आला आणि ही मोकळीक संपली, कारण वेग बदलला की आवाजाची पट्टी लगेच बदलते, आणि फिल्मच्या कडेवर छापलेला आवाज स्पष्ट उमटण्यासाठी फिल्म पुरेशी जलदही जावी लागते. दुसरीकडे फिल्म महाग होती. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम बसतात, म्हणजे चोवीसच्या वेगाने मिनिटाला नव्वद फूट आणि अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागते. चोवीस हा आवाज आणि खर्च यांच्यातील व्यवहारी तोडगा होता. डोळ्यांच्या रचनेत या आकड्याला काही खास स्थान नाही. चित्राला थांबत जायचे आणि आवाजाला एकसारखे, म्हणून आवाज वाचणारा भाग खिडकीपासून सुमारे वीस फ्रेम दूर असे आणि मध्ये फिल्मचा सैल लूप सोडावा लागे. तो लूप चुकला की ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नसे, आणि प्रेक्षकांच्या शिट्ट्या ऑपरेटरला ऐकाव्या लागत.

प्रश्न : चित्रपटात टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात. आमच्या यंत्रमाग कारखान्यात ट्यूबलाइटखाली मोटरची पुलीही कधी कधी तशीच दिसते. हे एकच आहे का? – एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : तत्त्व एकच आहे. बारा आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमध्ये तीस अंश असतात. सेकंदाला दोन फेरे घेणारे चाक दर फ्रेमला नेमके तीस अंश फिरते. प्रत्येक आरा पुढच्याच्या जागी येतो आणि चाक थांबलेले दिसते. वेग किंचित कमी होऊन ते अठ्ठावीस अंश फिरले, तर मेंदू जवळचा मार्ग धरतो आणि चाक दोन अंश मागे गेले असे मानतो.

कारखान्यात कॅमेऱ्याचे काम दिवा करतो. पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर साध्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल आणि पुलीला चार आरे असतील, तर सेकंदाला ९६ आरे एका जागेवरून जातात. शंभराला चार कमी पडतात, म्हणून पुली सेकंदाला एक फेरा या संथ गतीने उलटी फिरताना दिसते. पडद्यावर ही गंमत आहे, पण मागाशेजारी धोका आहे, कारण भरधाव पुली जवळजवळ थांबलेली वाटते. शेजारच्या ट्यूब थ्री-फेजच्या वेगवेगळ्या फेजवर जोडाव्यात, म्हणजे एक मंद होते तेव्हा दुसरी तेज असते. किंवा इलेक्ट्रॉनिक चोक बसवावेत, कारण त्यांची उघडझाप सेकंदाला हजारोंच्या घरात जाते आणि हा भास जवळपास नाहीसा होतो.